दाढेतले कॉम्पोझिट, सुळ्यावरचे ग्लास आयोनोमर आणि जंतूंचे स्राव: वापरानंतरचा अनुभव

गेल्या दसऱ्याच्या सुमारास बेळगावात मी एकाच बैठकीत दोन दात भरून घेतले. खालच्या डाव्या दाढेत, शेजारच्या दाढेला टेकणाऱ्या बाजूला कॉम्पोझिट (राळ आणि बारीक काचकण यांचे दाताच्या रंगाचे मिश्रण) भरले आणि वरच्या सुळ्याच्या हिरडीलगतच्या खाचेत ग्लास आयोनोमर (काचेची पूड आणि आम्ल यांपासून बनणारे सिमेंट). दोन्ही पदार्थ एकाच तोंडात, एकाच खाण्यापिण्यावर राहिल्याने तुलना आपोआप होत गेली. माझे मत असे झाले आहे की, पदार्थ किती कठीण आहे यापेक्षा त्याची कड जंतूंच्या स्रावांपुढे किती टिकते, याला अधिक महत्त्व आहे.

चावण्याच्या बाबतीत कॉम्पोझिटविषयी तक्रार नाही. भाजलेले शेंगदाणे असोत की चकली, दाढ भरलेली आहे हे आठवतही नाही आणि रंग असा जुळला आहे की आरशात शोधावा लागतो. मात्र काही महिन्यांनंतर त्या दोन दाढांमधून फ्लॉसचा दोरा ओढला की एका ठराविक जागी त्याचे तंतू विस्कटू लागले आणि तिथेच केसाएवढी तपकिरी रेघ दिसू लागली. डॉक्टरांनी टोकदार सळईने कड चाचपून पाहिली, हा डाग आहे, कीड नाही, असे सांगितले आणि कड घासून गुळगुळीत केली. दोरा आता सरळ निघतो.

ही रेघ नेमकी कडेलाच का येते, याचे उत्तर पदार्थाच्या स्वभावात आहे. निळ्या प्रकाशाखाली घट्ट होताना कॉम्पोझिट आकारमानाने साधारण २ ते ३ टक्के आकसते. म्हणूनच ते थराथराने भरतात, तरीही कडेला सूक्ष्म फट राहू शकते. तिथे साचलेले स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जंतू साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की दाताचे कवच विरघळू लागते. त्याच जंतूंची एस्टरेज विकरे, आणि आपल्या लाळेतलीही, कॉम्पोझिटमधल्या बिस-जीएमए या राळेचे बंध हळूहळू तोडतात. ही राळ राफेल बोवेन यांनी १९६२ च्या पेटंटद्वारे दंतवैद्यकात आणली. म्हणजे आम्ल दात खाते आणि विकर राळ खाते. फट दोन्ही बाजूंनी रुंदावते.

हिरडीजवळचा प्रश्न थोडा निराळा आहे. तिथल्या ग्रॅम-निगेटिव्ह या गटातल्या जंतूंच्या बाह्य आवरणात लायपोपॉलिसॅकराइड नावाचे विष असते आणि जंतू मेला तरी ते शिल्लक राहते. जंतूला न शिरता येणाऱ्या फटीतूनही त्याचे रेणू जाऊ शकतात, पुढे दंतिनातल्या (कवचाखालच्या थरातल्या) सूक्ष्म नळ्यांतून आत पोहोचून दाताच्या गाभ्याला चेतवू शकतात. वरून धडधाकट दिसणारा भरलेला दात गार पाण्याने झणझणतो, त्यामागच्या कारणांपैकी हे एक आहे.

सुळ्याला मात्र अजून एकदाही झणझण जाणवलेली नाही. विल्सन आणि केंट यांनी १९७२ मध्ये लंडनहून जगापुढे मांडलेले ग्लास आयोनोमर दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडते, फ्लोराइड सोडते, टूथपेस्टमधले फ्लोराइड पुन्हा शोषून घेते आणि भोवतालचे आम्ल काही अंशी सौम्यही करते. पण या कामात त्याचा स्वतःचा पृष्ठभाग झिजतो. सुरुवातीची झिलई गेली असून जिभेला आता तिथे खरखर लागते. खडबडीतपणा ०.२ मायक्रोमीटरच्या पुढे गेला की जंतूंचा थर अधिक साचतो, त्यामुळे ही खरखर मी दुर्लक्षित करत नाही. चावणाऱ्या दाढेवर हा पदार्थ मी भरून घेणार नाही.

गोकाकचे करदंट (डिंक आणि सुकामेव्याची मिठाई) खाल्ल्यावर दोन्ही जागा बराच वेळ चिकट राहतात, बेळगावच्या खव्याच्या कुंद्याने तितक्या राहत नाहीत. पण साखर दोन्हींत आहे आणि तिच्यातल्या सुक्रोजपासूनच म्यूटन्स आपला चिकट ग्लुकन बनवतो. खाल्ल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरणे एवढे तरी मी पाळतो.

एक गोष्ट खटकली: बिलावर नुसते ‘फिलिंग’ असे लिहिले होते. खानापूर किंवा चंदगडहून इथे येऊन दात भरून घेणाऱ्यांना पुढे गावाजवळचा दुसरा डॉक्टर गाठावा लागू शकतो, म्हणून पदार्थाचे नाव आणि दाताची जागा कागदावर लिहून मागावी. मी मागितल्यावर माझ्या डॉक्टरांनी ती लगेच लिहून दिली.