वेरूळ–म्हैसमाळ पट्ट्यातले 'फार्महाऊस प्लॉट': पाचपैकी दोन तारे

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे निघालं की दौलताबादपासूनच फलक सुरू होतात: 3 गुंठे, कंपाउंड, आंब्याची पाच झाडं, वर 'पर्यटकांकडून भाडं'. फोटो सगळे श्रावणातले. तोच डोंगर मे महिन्यात बघून या, मग भाव करा.

मुळात 3 गुंठे म्हणजे 3,267 चौरस फूट. शेती झोनमध्ये फार्महाऊस म्हणून रीतसर बांधायचं तर एका जागी 0.4 हेक्टर, म्हणजे एक एकर लागतो, आणि शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो. तुकडेबंदीमुळे छोट्या तुकड्याचं स्वतंत्र खरेदीखत अडतं. मग पळवाट काढतात: दहा-बारा जणांची नावं एकाच सातबाऱ्यावर चढवायची आणि प्लॉट दाखवायचा तो एजंटच्या नकाशावर. सरकारी मोजणीत तो नकाशा कुठेच नसतो. विकायला गेलात की बाकीच्या अकरा जणांच्या सह्या गोळा करा. नुसत्या बॉण्डवर व्यवहार असेल तर तेवढंही हातात नाही. गुंठेवारीत, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याच्या बेकायदा प्लॉटविक्रीत, होरपळलेल्या शहराला हे नव्याने सांगावं लागतं, हेच नवल.

आपल्या भागात खरी मेख जुन्या नोंदींत असते. खुलताबादच्या आसपास इनामी जमिनी पुष्कळ. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं, किंवा इतर हक्कात मदतमाश, खिदमतमाश, कूळ यातलं काही दिसलं, तर थांबा. खिदमतमाश म्हणजे दर्गा, मशीद, मंदिराच्या सेवेसाठी दिलेली जमीन. तिच्या वाटेला जाऊच नका. मदतमाश म्हणजे उपजीविकेसाठी दिलेलं इनाम, त्याला परवानगी आणि नजराण्याचा, म्हणजे सरकारला भरायच्या रकमेचा, प्रश्न येतो. आजचा सातबारा कोरा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. तहसीलच्या अभिलेख कक्षातून 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक काढा आणि तिथपासून आजपर्यंतचे फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, ओळीने जुळवा. मधला एखादा फेरफार सापडत नसेल तर भांडण तिथेच दडलेलं असतं. मुंतखब, म्हणजे इनामाचा निजामकाळातला दस्त, उर्दूत असतो, तो वाचून घ्यायला माणूस बघा. एजंटचा तोंडी अनुवाद नको.

आता भाड्याचा हिशेब. समजा जागा आणि बांधकाम मिळून 30 लाख गेले. वर्षाला 60 रात्री, 3,500 रुपयांनी, म्हणजे 2,10,000. राखणदार महिना 8,000 म्हणजे 96,000. बुकिंग ॲपचं कमिशन 15 टक्के धरलं तर 31,500. बोअर आटल्यावर मार्च ते जून सोळा टँकर, 1,200 चा एक, म्हणजे 19,200. उरले 63,300, लाइट बिल आणि चादरींची धुलाई अजून बाकीच. म्हणजे सव्वादोन टक्केही नाहीत. त्याच 30 लाखांचा शहरातला तयार फ्लॅट 9,000 भाड्याने गेला, वर्षात एक महिना रिकामा राहिला आणि सोसायटीला 12,000 दिले, तरी 87,000 राहतात. भाडेकरार मात्र नोंदवा. 11 महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे.

मग दोन तारे कशाला? कारण याच पट्ट्यात एनए (बिगरशेती) झालेले, मंजूर ले-आउटचे प्लॉटही मिळतात. महाग असतात, पण विकता येतात. जागा 500 चौरस मीटरच्या वर आणि प्लॉट आठाहून जास्त असतील तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी नंबर लागतो. तो ब्रोशरवर न वाचता महारेराच्या संकेतस्थळावर टाकून बघा, आणि तिथला गट नंबर सातबाऱ्याशी जुळवा. शेजारच्याच गटाचा नंबर खपवला जातो. नोंदणीकृत करार होईपर्यंत 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही.

साइट बघायला मंगळवारी जा. वेरूळची लेणी त्या दिवशी बंद असतात, त्यामुळे आठवड्यातला सगळ्यात सुना दिवस बघायला मिळतो. शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, बोअर किती फुटांवर आणि एप्रिलमध्ये किती वेळ चालतो.