राशीचा खडा घ्यावा की देवीचं पदक करून घ्यावं?

घरात कुणाचं लग्न ठरतं, कुणाला नोकरी लागते, गुरुजी पत्रिका बघून सांगतात की गुरू कमजोर आहे, पुष्कराज घाला, आणि नेमकं त्याच आठवड्यात मोबाईलवर हाताने घडवलेलं अंबाबाईचं चांदीचं पदक दिसतं, मधे लाल खडा, आणि मन तिकडं ओढतं. पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतात. सांगलीत ओळखीतल्या बायका मला हे सारखं विचारतात म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी मुख्य फरक समजून घ्या. राशीच्या अंगठीत तुमचे बहुतेक पैसे खड्याला जातात, घडणावळ त्यामानाने थोडी असते. देवीच्या पदकात उलटं, तिथं चांदीचा भाव ठरलेला, खडा साधा असला तरी चालतो, तुम्ही पैसे देता ते कारागिराच्या हाताला. म्हणून पहिल्यात खडा तपासायचा आणि दुसऱ्यात काम. लोक नेमकं उलटं करतात, अंगठीची डिझाईन बघून खडा घेतात आणि पदकाच्या खड्याचं सर्टिफिकेट मागत बसतात.

खड्याचं बघू. आपल्याकडं रत्न ग्रहाचं असतं: सूर्याचं माणिक, चंद्राचा मोती, मंगळाचं पोवळं, बुधाचा पाचू, गुरूचा पुष्कराज, शुक्राचा हिरा, शनीचा नीलम, राहूचा गोमेद, केतूचा लसण्या. आणि रास म्हणजे चंद्ररास, जी पंचांगावरून निघते. ऑनलाईन जे 'बर्थस्टोन' म्हणून महिन्यावर विकतात, जानेवारीला गार्नेट, फेब्रुवारीला अॅमेथिस्ट, ती यादी अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने 1912 मध्ये ठरवलेली आहे, तिचा आपल्या पत्रिकेशी काही संबंध नाही. आवडलं तर जरूर घाला, पण गुरुजींनी सांगितलेलं रत्न म्हणून ते घेऊ नका. फळ मिळतं का हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय, मी त्यात पडत नाही, मी फक्त घेतलेला दागिना तुमच्याकडं टिकेल का आणि दिलेल्या पैशाचा खडा मिळेल का एवढंच बघते.

टिकण्याचं म्हणाल तर सगळे खडे सारखे नसतात बघा. कठीणपणाच्या मापावर हिरा 10, माणिक, नीलम आणि पुष्कराज 9, लसण्या साडेआठ, पाचू साडेसात ते 8, आणि मोती, पोवळं मात्र फक्त 3-4 च्या आसपास. म्हणजे माणिक-पुष्कराज रोज अंगठीत घालून भांडी घासली तरी सहसा चरा जाणार नाही, पण पोवळं आणि मोती हे मुळात चुन्याचेच बनलेले, त्यामुळं लिंबू, चिंच, व्हिनेगर, घाम, सेंट सगळं त्यांना बाधतं. मंगळासाठी पोवळं सांगितलं असेल आणि तुम्ही दिवसभर स्वयंपाकात असाल तर अंगठीऐवजी गळ्यात घालता येईल का ते गुरुजींना विचारून घ्या. पाचूचं अजून एक, त्यात नैसर्गिक भेगा असतात आणि त्या दिसू नयेत म्हणून तेल भरतात, हा त्या धंद्यातला नेहमीचा प्रकार आहे, म्हणून पाचू गरम पाण्यात किंवा मशीनमधे धुवायला देऊ नका.

सगळ्यात जास्त जपायचं ते माणिकात. स्वस्तात मोठं, लालभडक माणिक मिळत असेल तर त्यात काच भरलेली असण्याची शक्यता भरपूर. भिंगाखाली बुडबुडे आणि निळसर झाक दिसते. नुसतं तापवून रंग सुधारलेलं माणिक किंवा पुष्कराज हा वेगळा विषय, तो जगभर मान्य आहे, फक्त सांगून विकला पाहिजे. पण काच भरलेला खडा लिंबाच्या रसाने खराब होतो, आणि अंगठी मोठी करायला सोनाराने फ्लेम लावली की गेलाच. म्हणून सर्टिफिकेटवर 'नॅचरल' एवढंच वाचून थांबू नका, खाली ट्रीटमेंटचा रकाना असतो तो वाचा, खरी माहिती तिथं असते.

वजन रत्तीत सांगतात तिथंही जपा. रत्नवाल्यांची रत्ती साधारण 182 मिलिग्रॅमची धरतात आणि सोनारांची जुनी रत्ती साधारण 121 मिलिग्रॅमची, म्हणजे पाच रत्ती म्हटलं तरी दोन दुकानांत दोन वेगळी वजनं निघू शकतात. कॅरेटमध्ये मागा, 1 कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, त्यात फेरफार नाही.

नीलम कित्येक जण आधी काही दिवस उशाशी ठेवून, सोसतो का बघून मग अंगठीत बसवतात. तसं करायचं असेल तर परत घेणार का, किती दिवसांत घेणार, हे पैसे द्यायच्या आधी लिहून घ्या. बजेट कमी असेल तर उपरत्नं आहेतच, पुष्कराजाऐवजी 'सुनेला' (म्हणजे सिट्रिन), नीलमऐवजी जामुनिया (म्हणजे अॅमेथिस्ट). दोन्ही स्फटिकाच्याच जातीची, कठीणपणा 7, रोज घालायला चांगली. माझं स्पष्ट मत आहे की काच भरलेल्या माणकापेक्षा चांगला सुनेला शंभर पटीने बरा, कारण तो जे आहे तेच आहे.

आता देवीचं पदक. इथं मी जरा रमते कारण हे आपल्या भागाचं आहे. देव आणि रत्न एका दागिन्यात आणणं ही काही नवीन फॅशन नाही. कोल्हापुरी साजाची 21 पानं मोजा, 10 विष्णूचे अवतार, 8 अष्टमंगल, मग एक माणकाचं, एक पाचूचं आणि एक डोरलं. पुतळ्यांच्या माळेतल्या नाण्यांवर लक्ष्मी नाहीतर राम-सीता असतात. देवघरात चांदीचे टाक असतात, तुळजाभवानी, जोतिबा, खंडोबा, औंधची यमाई, ज्याचं जे कुलदैवत. आमच्याकडं टाक पूजेतच राहतो, गळ्यात घालत नाहीत, म्हणून घालायला हवं असेल तर वेगळं पदक करून घ्यावं असं मला वाटतं.

हाताचं काम आणि साच्यातलं काम कसं ओळखायचं? साच्यातल्या दहा पदकांवर देवीचा चेहरा तंतोतंत एकच असतो, कडा गोलसर, बोथट असतात. हाताने ठोकून, मग छिन्नीने रेषा काढलेल्या पदकात डोळ्यांची, मळवटाची, दागिन्यांची रेघ धारदार लागते आणि मागच्या बाजूने ठोक्याचा उठाव दिसतो. मागची बाजू बंद असेल तर आत लाख भरलीय का ते विचारा. लाख भरणं वाईट नाही, जुन्या दागिन्यांत भरतातच, पण तिचं वजन चांदीच्या भावात लावलेलं नसावं.

आणि देवी बरोबर आहे का ते बघा की! दोन कमळं आणि नाण्यांचा वर्षाव करणारी लक्ष्मी अंबाबाई म्हणून सर्रास विकतात. करवीरच्या अंबाबाईच्या हातात म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे, कमळं नाहीत. तुळजापूरची आणि प्रतापगडची भवानी अष्टभुजा महिषासुरमर्दिनी. आठ हात, त्यांतली आयुधं, पायाशी महिषासुर, हे सगळं इंचभर पदकात मागितलं तर चांगल्या कारागिराच्याही हातून गिचमिड होते. लहान पदक हवं असेल तर नुसता मुखवटा करून घ्या, नाहीतर त्रिशूळ, कवडी, पादुका असं एखादं चिन्ह. ते लांबूनही ओळखू येतं आणि रोज घातलं तरी झिजून पुसत नाही.

चांदीची एक अडचण सांगितलीच पाहिजे. तासगाव-मिरजेकडं ज्यांच्या द्राक्षबागा आहेत त्यांनी भुरी रोगासाठी गंधक मारताना चांदी अंगावर ठेवू नये, गंधकाने ती काळी पडते. पुसून निघते, पण सारखं पुसलं की बारीक काम झिजतं. त्यावर सोन्याचं पाणी देतात पण रोजच्या वापरात ते काही महिन्यांत कडांना उडायला लागतं, तेव्हा शेतात काम असेल तर साधी ऑक्सिडाईज केलेली चांदी घ्या, तिचा काळपटपणाच शोभतो.

मोडीचं म्हणाल तर दोन्हींत अपेक्षा कमीच ठेवा. सोन्याचे पैसे येतात, खड्याचे फार कमी येतात, आणि पदकात घडणावळ गेलीच, चांदीच्या भावाने काय येईल ते. गुंतवणूक करायची असेल तर या दोन्हींपेक्षा बिनखड्याची साधी सोन्याची वेढणी बरी.

मग कुणी काय घ्यावं? पत्रिकेवर घरातल्यांचा पक्का विश्वास असेल आणि रत्न सांगितलेलं असेल तर अंगठीच घ्या, फक्त लहान का होईना पण चांगला खडा घ्या, मागून उघडं कोंदण सांगा म्हणजे खडा अंगाला टेकतो. पोरीला पहिल्या पगाराचं, सुनेला पहिल्या नवरात्राचं काही द्यायचं असेल तर मी डोळे झाकून पदक सांगेन, कारण ते तिच्या कुलदेवतेचं असतं, रास विचारावी लागत नाही आणि पुढं तिच्या लेकीला देता येतं. दोन्ही हवं असेल तर पदकाच्या मागं उघड्या कोंदणात राशीचं उपरत्न बसवून घेता येतं, समोर देवी, अंगाला खडा, मला तर हाच प्रकार सगळ्यात आवडतो.

बिलात खड्याचं वजन, धातूचं वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. सोन्याला 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कमधला सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक, एचयूआयडी, लागतो, तो बीआयएस केअर या सरकारी अॅपवर टाकून बघता येतो, मात्र 2 ग्रॅमच्या आतल्या आणि कुंदन-जडाऊच्या दागिन्यांना सूट आहे. चांदीला सप्टेंबर 2025 पासून तो ऐच्छिक आहे, निदान 925 चा शिक्का तरी बघा. हॉलमार्क धातूचा असतो, खड्याचा नाही, हे सराफ कट्ट्यावर जातानाच डोक्यात ठेवा. आणि घटस्थापनेला गळ्यात हवं असेल तर श्रावणातच कारागिराकडं जा, गणपती झाल्यावर गेलात तर तो तुम्हाला साच्यातलंच दाखवणार.