ई-ग्रामस्वराज: वाडीचं काम कुठे अडलं ते कळतं, कोणी अडवलं ते नाही

सरपंच थेट मतदारांनी निवडलेला आणि सदस्यांचं बहुमत विरोधी पॅनेलकडे, अशी ग्रामपंचायत कोकणात सहज तयार होते. थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली, आणि त्याच वर्षी शिवसेनाही फुटली. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. त्यामुळे भांडण पक्षांचं असलं तरी कागदावर दिसतो तो फक्त 'निधी अखर्चित'.

काम कुठे अडलं ते दाखवणारं, केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाचं ई-ग्रामस्वराज हे संकेतस्थळ एप्रिल २०२० पासून सुरू आहे. अहवाल बघायला लॉगिन लागत नाही, पैसेही नाहीत. मोबाइलवर 'मेरी पंचायत' ॲप घ्यावं.

राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडून आधी मंजूर आराखडा उघडा. साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) किंवा पाखाडी (पायऱ्यांची वाट) त्यात नसेल, तर काम यादीत येण्याआधीच अडलं. यादीत असेल पण देयकांत एकही रक्कम नसेल, तर कामच सुरू झालं नाही किंवा बिल थांबलं. बिल सुटायला सरपंच आणि ग्रामसेवक (२०२४ पासूनचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) दोघांची डिजिटल स्वाक्षरी लागते. एकाने हात आखडला की पैसे जागेवर. मात्र लगेच राजकारण समजू नका: ग्रामसेवकाची बदली झाली किंवा स्वाक्षरीची मुदत संपली, तरी नवी नोंदणी होईपर्यंत हेच दिसतं.

निधीचा प्रकारही पाहा. २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठीच्या १५ व्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. तो पाखाडीला वळवता येत नाही. यावरून दोन पॅनेलं सभेत विनाकारण भांडतात, आणि नळपाणी योजनेची दुरुस्ती एप्रिलच्या टंचाईपर्यंत लांबते. याची खरोखर चीड येते.

या सेवेची मोठी उणीव म्हणजे सभेत ठरावाला कोणी विरोध केला, ते इथे कळत नाही. त्यासाठी माहितीचा अधिकार वापरा: १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. 'अमुक महिन्यांच्या मासिक सभांचं इतिवृत्त आणि ठरावांच्या प्रती' एवढंच मागा. मुदत ३० दिवसांची.

सरपंच हटवून कोंडी फोडू म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. थेट निवडलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. नंतरही तीन चतुर्थांश सदस्य लागतात, वर ग्रामसभेत गुप्त मतदान. तेवढ्यात पावसाळा येतो. ग्रामसभेवर बहिष्कारही उलटतो: गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती, पण तहकूब सभेला तीही लागत नाही.

शिल्लक रकमेचं पान छापून २६ जानेवारीच्या ग्रामसभेत न्या आणि दोन्ही पॅनेलांना मान्य होईल असं एकच काम आधी मंजूर करून घ्या. फेब्रुवारीत जांभा दगड उतरला, तर साकव मेअखेर उभा राहतो.