राजारामपुरीतील ईसीटी सेवा: भूल चोख, स्मरणशक्तीची नोंद कच्ची

तीव्र नैराश्यात पेशंटने जेवण-पाणी सोडलंय, आत्महत्येचे विचार थांबत नाहीत, दोन औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फरक नाही, अशा वेळी ईसीटी म्हणजे शॉक ट्रीटमेंट (मेंदूला करंट देऊन मुद्दाम फिट, म्हणजे आकडी, उठवणं) हा आजही सर्वांत खात्रीचा उपाय आहे. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका छोट्या खासगी मानसोपचार रुग्णालयात ती सकाळच्या वेळी, एक दिवसाआड देतात. गडहिंग्लज, राधानगरी, निपाणीकडचे पेशंट इथे येतात.

भुलीचं काम इथे उत्तम आहे. भूलतज्ज्ञ प्रत्येक वेळी हजर असतो, आणि ते हवंच: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देण्यावर बंदी आहे. आधी सहा तास खाणं बंद. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, खाण्यात धरायचा, हे नातेवाइकांना इथे दोनदा बजावतात. पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या आधीपासून हळूहळू कमी करतात, कारण त्यांच्यामुळे फिट उठत नाही किंवा तोकडी पडते.

टेबलावर थायोपेंटोनने झोप आणतात. मग घोट्याच्या वर बीपीचा पट्टा बांधून फुगवतात आणि त्यानंतरच स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन देतात, किलोला अर्धा ते एक मिलिग्रॅम. अंग सैल पडतं, पण पट्ट्याखालच्या पावलापर्यंत औषध पोचत नाही. दातांमध्ये रबरी गार्ड, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, मग काही सेकंदांचा करंट. सगळं शरीर शांत असतं. फक्त तेवढं पाऊल ठेक्यात हलतं आणि डॉक्टर त्यावरून सेकंद मोजतात. वीस सेकंदांच्या वर गेलं की बहुधा समाधानकारक. इथे सोबत ईईजीची (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखाची) पट्टीही काढतात, कारण पाऊल थांबल्यावरही मेंदूतली फिट काही वेळ चालू राहू शकते. ती दोन-तीन मिनिटांवर लांबली तर औषधाने थांबवावी लागते.

उपचार करंटचा नसून या फिटचा आहे. फिट आवरण्यासाठी मेंदू स्वतःची ब्रेक लावणारी यंत्रणा वाढवतो. म्हणूनच कोर्स पुढे सरकतो तशी फिट उठवायला जास्त विद्युतभार लागतो. कोर्सनंतर एमआरआयवर हिप्पोकॅम्पसचं (मेंदूतल्या आठवणींशी संबंधित भागाचं) आकारमान काहीसं वाढलेलं दिसतं. मेंदूच्या पेशी जळतात ही भीती मात्र अभ्यासांत खरी ठरलेली नाही.

पण विस्मरण होतं, आणि तिथेच ही सेवा कमी पडते. कोर्सच्या काळातल्या नव्या गोष्टी लक्षात न राहणं बहुतेकांचं काही आठवड्यांत सुधारतं. त्या आधीच्या काही महिन्यांच्या आठवणी मात्र काहींच्या कायमच्या पुसल्या जातात. संमतीपत्रावर सही घेताना हे स्पष्ट सांगायला हवं; इथे 'थोडं विसरायला होतं' एवढ्यावर भागवतात. सुरुवातीला स्मरणशक्तीची चाचणीही घेत नाहीत. गेल्या गळीत हंगामात ऊस कुठल्या कारखान्याला गेला, नवरात्रात घरी कोण आलं होतं, असे दहा प्रश्न आधी लिहून ठेवले तरी नंतर तुलना करता येते. नातेवाइकांनी हे घरीच करावं.

शिवाय सरसकट दोन्ही कानशिलांवर करंट देणारे इलेक्ट्रोड लावतात. पेशंट अन्नपाण्याविना खंगत असेल तर ते योग्यच, गुण लवकर येतो. इतरांना फक्त उजव्या बाजूने, फिट उठवायला लागणाऱ्या किमान विद्युतभाराच्या पाच-सहा पट देऊन जवळपास तेवढाच गुण येतो आणि विस्मरण कमी होतं. हा पर्याय आपणहून विचारा.

नंतर डोकं, जबडा दुखतो, पॅरासिटामॉल पुरतं. चोवीस तास दुचाकी नको आणि बँकेच्या कागदांवर सही नको. साधारण ६ ते १२ वेळा शॉक दिल्यावर कोर्स संपतो, पण पुढे गोळ्या बंद केल्या तर सहा महिन्यांत बहुतेकांचा आजार उलटतो. डिस्चार्ज कार्डावर इथे फक्त 'ईसीटी ८' असं लिहितात. इलेक्ट्रोडची जागा, दर वेळची मात्रा आणि फिटचे सेकंद असलेला कागद मागून घ्या. पुन्हा गरज पडली आणि दुसरीकडे जावं लागलं, तर तिथल्या डॉक्टरांना मात्रा नव्याने शोधत बसावं लागणार नाही.