साताऱ्यातील एक फॅमिली डॉक्टर: मिठाच्या पुडीपासून सुरू होणारी तपासणी

साताऱ्याच्या जुन्या भागात एका साध्या इमारतीच्या तळमजल्यावर असलेल्या ज्या दवाखान्याविषयी मी लिहिणार आहे, त्याचे नाव येथे देत नाही. डॉक्टरांनी रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करू नये असे २००२ची वैद्यकीय आचारसंहिता सांगते आणि आमच्या डॉक्टर मॅडम ती अक्षरशः पाळतात. ज्यांना फॅमिली डॉक्टर निवडायचे आहेत त्यांना कोणत्या गोष्टी पारखून घ्याव्यात हे कळावे, एवढ्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे. मॅडमनी एमबीबीएसनंतर फॅमिली मेडिसिन या विषयात डीएनबी ही पदव्युत्तर पदवी घेतली आहे. सर्दीतापाच्या पुढे काही निघाले की मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी लिहून देणारे डॉक्टर असा फॅमिली डॉक्टरांविषयी अनेकांचा समज असतो. तो या दवाखान्यात टिकत नाही.

माझ्या पतींच्या कार्यालयाने एका वर्षी सर्व कर्मचाऱ्यांसाठी संपूर्ण शरीर तपासणीचे पॅकेज घेतले होते. अहवाल अनेक पानी होता, काही आकडे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि शेवटी ‘आहारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा’ असे एक वाक्य होते. त्या आकड्यांपैकी कोणता काळजीचा, कोणता दुर्लक्ष करण्याजोगा आणि कोणत्याची पुन्हा खात्री करायची, हे सांगायला तेथे कोणीही नव्हते. तो अहवाल घेऊन आम्ही मॅडमकडे गेलो. त्यांनी एचबीए१सी या, गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या, चाचणीच्या ६.१ या आकड्यावर बोट ठेवले. हा आकडा ५.७ ते ६.४च्या दरम्यान असेल तर ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था असते, हे समजावून सांगितले, टेप घेऊन शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध पोटाचा घेर मोजला (भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात) आणि मग एक अनपेक्षित प्रश्न विचारला. आमच्या घरात मिठाची एक किलोची पुडी किती दिवस पुरते?

उत्तर मला द्यावे लागले, कारण वाणसामानाची यादी मी करते. आम्ही घरात चौघे आणि पुडी साधारण महिनाभर पुरते. मॅडमनी केस पेपरच्या मागच्या बाजूस तेथेच गणित मांडले. एक हजार ग्रॅम भागिले चार माणसे भागिले तीस दिवस म्हणजे माणशी रोज आठ ग्रॅमहून थोडे अधिक, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण, बेकरीची खारी यांतले मीठ धरलेलेच नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, म्हणजे चौघांना महिन्याला सहाशे ग्रॅमच्या आत. असेच गणित त्यांनी तेलाच्या पाच लिटरच्या कॅनचेही केले. ‘मीठ कमी खा’ हा सल्ला आम्ही यापूर्वी अनेकांकडून ऐकला होता, परंतु पुडी संपण्याच्या तारखेवरून तो पाळला जातो की नाही हे घरच्या घरी मोजता येते, हे प्रथमच कळले. मीठ एकदम न तोडता काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने कमी करावे म्हणजे जिभेला सवय होते, जेवताना ताटात वरून मीठ वाढू नये, आणि बाजारात मिळणारे पोटॅशियमयुक्त ‘लो सोडियम’ मीठ मात्र सासऱ्यांना देऊ नये, कारण त्यांची मूत्रपिंडे थोडी कमजोर आहेत आणि रक्तदाबाच्या ज्या गोळ्या ते घेतात त्यांनीही शरीरातील पोटॅशियम वाढू शकते, इतक्या बारकाव्याने त्यांनी सांगितले. एकाच घरातील दोन माणसांना एकाच डब्यातले मीठ वेगळ्या कारणांनी बाधू शकते, हे लक्षात येण्यासाठी ती दोन्ही माणसे एकाच डॉक्टरांना माहीत असावी लागतात.

माझ्या मते या दवाखान्याचे खरे मोल येथेच आहे. आहार, झोप, चालणे, तंबाखू या सवयी एकट्या माणसाच्या नसतात. स्वयंपाक कोण करते, रात्रीचे जेवण कोणाच्या येण्यावर अडते, पाहुण्यांसमोर कंदी पेढ्यांचा बॉक्स कोण उघडते, यांवर त्या अवलंबून असतात. म्हणूनच येथे प्रत्येक कुटुंबाचे सर्व केस पेपर एकाच मोठ्या पाकिटात ठेवलेले असतात आणि कोणाही एकाला तपासताना मॅडम ते पूर्ण पाकीट समोर घेतात. माझ्या जाऊबाईंना गरोदरपणात साखर वाढण्याचा त्रास झाला होता. बाळंतपणानंतर साखर उतरली आणि घरातील सगळे ती गोष्ट विसरले, परंतु अशा स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता बरीच जास्त असते, म्हणून त्यांची साखर नियमित तपासण्याची नोंद त्या पाकिटावर होती. मुलाच्या खोकल्यासाठी आलेल्या जाऊबाईंना मॅडमनी त्यांच्या स्वतःच्या तपासणीची आठवण करून दिली. हे काम कोणतेही पॅकेज करू शकणार नाही.

रक्तदाब मोजण्याची येथील पद्धतही सांगण्याजोगी आहे. आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू घेतली होती का हे मदतनीस विचारतात, पाच मिनिटे शांत बसवतात, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवायला लावतात आणि मोजताना बोलू देत नाहीत. जाड दंडासाठी मोठा पट्टा वेगळा ठेवला आहे, कारण लहान पट्ट्याने आकडा खोटा वाढतो. पहिल्याच वाढलेल्या आकड्यावर मॅडमनी पतींना गोळी सुरू केली नाही. आठवडाभर घरी सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायला सांगितले. दवाखान्यात १४०/९० ही जी सीमा मानतात, ती घरच्या मोजणीत १३५/८५ असते, हेही तेव्हाच समजले. अर्थात हा आकडा फारच जास्त असता तर त्या थांबल्या नसत्या, हे त्यांनी स्पष्ट केले होते.

सासऱ्यांचा रक्तदाब मात्र औषध वाढवूनही उतरत नव्हता. दुसऱ्या एका ठिकाणी तिसरी गोळी सुचवली गेली होती. मॅडमनी सांगितले, “काका, घरात आहेत तेवढ्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, कोणी दिल्या ते महत्त्वाचे नाही.” त्या पिशवीत गुडघेदुखीसाठी सासरे स्वतःच दुकानातून आणत असलेल्या वेदनाशामक गोळ्या निघाल्या. या प्रकारच्या गोळ्यांनी शरीरात पाणी आणि मीठ साठते, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांवरही ताण येतो. त्या बंद करून पॅरासिटॅमॉल आणि मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम सुरू झाले, आणि तिसऱ्या गोळीची गरज उरली नाही. सवयींविषयी बोलताना आपण खाणे आणि चालणे एवढेच धरतो. स्वतःच्या मनाने औषध घेणे हीदेखील आपल्याकडची जुनी सवय आहे, आणि तिच्याबद्दल घराघरांत बोलले गेले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

सासूबाईंच्या उपवासांबाबत त्यांनी जे केले त्याचे मला विशेष कौतुक आहे. सासूबाई मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात आणि एकादशी कधीही चुकवत नाहीत. उपवास सोडा असे मॅडम एकदाही म्हणाल्या नाहीत. साबुदाणा जवळजवळ सगळा पिष्टमय असतो, म्हणून खिचडीऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडीची कोशिंबीर आणि बेताची दाण्याची आमटी असा फराळ त्यांनी सासूबाईंशी बोलून ठरवला, आणि उपाशीपोटी त्या गोळीने साखर धोकादायक रीतीने उतरू शकते म्हणून त्या दिवशीचा डोस वेगळा लिहून दिला. श्रद्धेला धक्का न लावता दिलेला सल्ला सासूबाईंनी तंतोतंत पाळला. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना मिश्री लावण्याविषयीही मॅडमनी अशाच आदराने विचारले, तोंडाची तपासणी केली, आणि रक्तदाबाची गोळी दरमहा विकत घेणे त्यांना जड जाईल हे ओळखून सरकारी रुग्णालयात मोफत औषधासाठी चिठ्ठी दिली. रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम २०१७मध्ये सुरू झाला, त्याच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि त्याचा लाभ घेण्यास सांगणारे खासगी डॉक्टर मला तरी क्वचितच भेटले आहेत.

व्यायामाच्या बाबतीत साताऱ्याला उत्साहाची कमतरता नाही. पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढणाऱ्यांची रांग असते आणि २०१२पासून होणाऱ्या हिल मॅरेथॉनने धावण्याची हौसही वाढवली आहे. मॅडम या उत्साहाला मोजून वाट देतात. आठवड्यात किमान १५० मिनिटे दम किंचित लागेल असे चालणे आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम, हे प्रमाण त्या सर्वांना सांगतात. परंतु गुडघे दुखणाऱ्यांनी सपाट रस्ता धरावा आणि छातीत जडपणा जाणवणाऱ्याने मॅरेथॉनची नोंदणी करण्यापूर्वी तपासणी करावी, हे त्या निक्षून सांगतात. पतींना मधुमेहाची गोळी लगेच सुरू करावी का, असे मी विचारले तेव्हा त्यांनी चेन्नईत झालेल्या आणि २००६मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा दाखला दिला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांमध्ये केवळ जीवनशैली बदलल्याने मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले होते, आणि त्याला मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीची जोड दिल्याने अधिक फायदा झाला नव्हता. तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करायचे ठरले. आकडा ५.८वर आला.

आता उणिवा. येथे वेळ ठरवून भेटता येत नाही. नंबर लावून बसावे लागते आणि सोमवारी संध्याकाळी दीड-दोन तास सहज जातात. लहान मूल किंवा वृद्ध माणूस सोबत असेल तर हा त्रास मोठा आहे. सर्व नोंदी कागदावर आहेत, त्यामुळे बाहेरगावी अचानक गरज पडली तर हाती काही नसते. मी प्रत्येक केस पेपरचे छायाचित्र काढून ठेवते, ते काम दवाखान्याने करायला हवे. त्याहून गंभीर गोष्ट अशी की आहाराच्या सल्ल्याचा भार घरातील स्वयंपाक करणाऱ्या बाईवर पडतो. भाकरी वेगळी, फराळ वेगळा, कमी मिठाची आमटी वेगळी, हे सारे मी आणि सासूबाई करत होतो. हे मी मॅडमना स्पष्ट सांगितले. त्यानंतर त्यांनी पतींना आणि मुलालाही समोर बसवून कामे वाटून दिली, ज्वारीच्या पिठापासून भाजी चिरण्यापर्यंत. परंतु हे माझ्या बोलण्यानंतर झाले. प्रत्येक घरात ते पहिल्याच भेटीत व्हायला हवे.

आणखी एक चिंता आहे. मॅडम सुट्टीवर असल्या की त्यांच्या जागी बसणारे डॉक्टर पाकीट उघडत नाहीत, समोरच्या तक्रारीपुरते औषध देतात. नॉर्वेतील सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासात पंधरा वर्षांहून अधिक काळ एकच फॅमिली डॉक्टर असलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण, वर्षभरच बरोबर असलेल्यांच्या तुलनेत, सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले होते. ही ओळख इतकी मोलाची असेल तर ती सांभाळणारा दुसरा माणूस दवाखान्यात आतापासूनच तयार व्हायला हवा.

तपासणीचे शुल्क ३०० रुपये आहे आणि सात दिवसांच्या आत पुन्हा दाखवल्यास घेत नाहीत. रक्तचाचण्या कोठे करायच्या याची सक्ती नाही. छातीत कळ, एका बाजूची अचानक अशक्तता, धाप यांसारख्या तातडीच्या त्रासात मात्र येथे नंबर लावत बसू नये, थेट रुग्णालय गाठावे; तशी पाटी दाराजवळच लावलेली आहे. प्रथमच जाणार असाल तर जुने अहवाल, घरातील सर्व गोळ्यांची पिशवी आणि शक्य असल्यास घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती सोबत घेऊन बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी जावे, तेव्हा गर्दी कमी असते.