ई-पीसी 701: रॅम वाढवावी की प्रोसेसर पळवावा?

असुसचा सात इंची चिमुकला लॅपटॉप ई-पीसी 701 अजून कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावरून निघतोच. परवा एका मित्राकडे निघाला आणि त्याने विचारलं, "यात रॅम टाकू की प्रोसेसर वाढवू?" हे दोन्ही उद्योग मी करून बसलोय, म्हणून लिहितो.

आधी प्रोसेसर. वाढवायचा म्हणजे नवा बसवायचा, हे डोक्यातून काढा. यातला सेलेरॉन एम बोर्डावरच सोल्डर केलेला आहे. एखादा रीबॉलिंगवाला, म्हणजे सोल्डर केलेली चिप उखडून दुसरी बसवणारा कारागीर, "करून देतो की" म्हणेलही, पण तेवढ्या पैशांत दुसरा जुना लॅपटॉप येईल. उरतो तो वेग वाढवण्याचा मार्ग. गंमत अशी की ही चिप मुळात 900 मेगाहर्ट्झची. 701मध्ये बसचा, म्हणजे प्रोसेसरला बाकी मशीनशी जोडणाऱ्या रस्त्याचा, वेग 100ऐवजी 70वर ठेवला, त्याची नऊपट म्हणजे 630. त्यामुळे 900पर्यंत नेण्याला ओव्हरक्लॉकिंग (चिपला तिच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं) म्हणायलाही माझी जीभ रेटत नाही. आपलंच आपण सोडवून घेतल्यासारखं आहे. एक्सपीवर त्यासाठी एक चिमुकला प्रोग्रॅम मिळायचा. बस एकदम 100ला न नेता थोडी थोडी वाढवायची; मी घाई केली तेव्हा स्क्रीन थरथरून मशीन जागच्या जागी गोठलं होतं.

फरक पडतो का? पडतो. मेनू चटकन उघडतात, लांबलचक पान खाली सरकवताना ठेचकाळत नाही. मशीन सुरू व्हायला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागतो, कारण तो प्रोग्रॅम विंडोज उघडल्यावरच कामाला लागतो.

मला नडला तो पंखा. 630वर हा पंखा आहे की नाही असा प्रश्न पडायचा. 900वर दहाएक मिनिटांत तो सुरू व्हायचा आणि मग थांबायचं नावच नाही. आवाज मोठा नाही, पण बारीक आणि किरटा. कानाशी डास घोंगावल्यासारखा. माझं या मशीनवरचं काम रात्री अकरानंतरचं, घर दोन खोल्यांचं. तिसऱ्या रात्री बायको कूस बदलत म्हणाली, "अहो, तो मिक्सर बंद करा आता." पंख्याची गती कमी करून पाहिली, तर कीबोर्ड इतका तापला की बोटं उचलून टाइप करावं लागे. पुन्हा गती वाढवली, पुन्हा मिक्सर. बॅटरीही लवकर संपते असं वाटलं, पण माझी बॅटरी आधीच म्हातारी होती, त्यामुळे तो दोष ठामपणे प्रोसेसरच्या माथी मारत नाही.

आता रॅम. मशीन उलटं करा, बॅटरी काढा, झाकणाचे दोन स्क्रू सोडवा. स्लॉट एकच, म्हणजे मूळची 512 एमबीची पट्टी काढावीच लागते. दोन्ही बाजूंच्या चकचकीत क्लिपा नखाने बाहेर रेटल्या की पट्टी आपोआप तिरकी उभी राहते. नवी तशीच तिरकी सरकवून खाली दाबायची, टक्क आवाज आला की झालं. लॅपटॉपची डीडीआर2 हवी, 2 जीबीच्या वर नको, चिपसेटला पेलत नाही. 667 की 800 यावरून दुकानदाराशी वाद घालू नका, इथे दोन्ही सारख्याच संथ धावतात. मला लॅमिंग्टन रोडला वापरलेली पट्टी साडेचारशेला मिळाली, आणि ती अजून चालते. सर्फ नावाच्या स्वस्त मॉडेलांपैकी काहींत रॅमही बोर्डावरच असते, म्हणून खरेदीआधी झाकण उघडून बघा.

रॅमने मशीन वेगवान झालं असं मी म्हणणार नाही. ते मरायचं थांबलं. डिस्क अवघी 4 जीबीची, तीही फ्लॅश. ती झिजू नये म्हणून सोबत आलेल्या लिनक्समध्ये स्वॅपच, म्हणजे रॅम भरल्यावर वापरायची डिस्कवरची जागा, ठेवलेला नव्हता. 512 भरली की ब्राउझर काही न बोलता नाहीसा व्हायचा. रेल्वे तिकिटाच्या फॉर्ममध्ये चौथ्या प्रवाशाचं वय भरताना असं एकदा झालं की माणसाला संथपणा परवडतो. 2 जीबी टाकल्यावर मी ब्राउझरची कॅशसुद्धा, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या फायली, रॅममध्येच ठेवली; डिस्कवर लिहिताना मध्येच लागणारी उचकी बरीच कमी झाली. एक मात्र ध्यानात ठेवा: ते मूळचं लिनक्स 1 जीबीच्या पलीकडे पाहत नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) बदला किंवा दुसरं 32-बिट लिनक्स टाका.

ऑनलाइन व्हिडिओसाठी कुणी 900च्या मागे लागत असेल तर त्याची निराशा होईल. आजच्या साइटांपुढे 630 काय नि 900 काय. नाटकांच्या जुन्या व्हीसीडी तर 630वरही सुरळीत चालतात. ज्याला एखादा जुना गेम खेळायचाय, घरात एसीचा आवाज आहेच, आणि मशीन सदा चार्जरलाच असतं, त्याने प्रोसेसर पळवून पाहावा. फुकटच आहे, जमलं नाही तर रीस्टार्ट केलं की पुन्हा 630.

मित्राला मी आधी रॅम टाकून महिनाभर वापर म्हटलं. तो प्रोग्रॅमही पेनड्राइव्हवर दिलाय. त्याच्याकडे गेल्याच महिन्यात बाळ आलंय, तेव्हा तो किती दिवस चालवतो बघू.