९८०० चा सेल, वजन २७ ग्रॅम

टॉर्च खोलणं हा आमचा तिघा-चौघांचा नाद. एलईडी बदलायचा, ड्रायव्हर (एलईडीला जाणारा करंट सांभाळणारं सर्किट) बदलायचा आणि रात्री हिप्परग्याच्या तलावाकडं जाऊन कुणाचा झोत लांब जातो ते बघायचं. म्हणूनच टॉर्चमध्येच फसलो हे सांगताना मला लाज वाटते.

जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेला, गेलो होतो. होम मैदानावर एका स्टॉलवाल्यानं मुठीत मावणारी नवी टॉर्च दाखवली. डोकं पुढं ओढलं की झोत बारीक होतो, तसली. "दहा हजार ल्युमेन, सेल ९८०० एमएएच. घ्या की ओ, साहेब." (ल्युमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप, एमएएच म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं.) त्यानं झोत थेट मोठ्या पाळण्याच्या वरच्या खुर्चीवर मारला, तिथली पोरं डोळ्यांवर हात घेऊन ओरडली. आम्ही खूश. ८५० ची ७०० ला, असे चार नग घेतले. त्यातला एक मोहोळच्या दाजींसाठी. त्यांच्याकडं शेतीची लाईट रात्रीच येते, आणि अंधारात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाताना पायाखाली काय येईल याचा नेम नाही.

दुसऱ्यांना शंभरदा सांगितलेला हिशेब त्या वेळी मात्र मला आठवला नाही. चांगला एलईडी एका वॅटला शे-दीडशे ल्युमेन देतो. दहा हजारांना ७० ते १०० वॅट लागणार. आत १८६५० मापाचा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) एकच सेल. तो अस्सल असला तरी त्यात साधारण १३ वॅट-तास मावतात, म्हणजे आठ-दहा मिनिटांत खेळ खलास, त्याआधी हात भाजणार. पाळण्यापर्यंत उजेड पोचला तो भिंगानं सगळा एका ठिपक्यात गोळा केल्यामुळं. त्यावरून एकूण उजेड किती, हे कळत नाही.

तिसऱ्या दिवशी दाजींचा फोन. "अरे, तुझी ती बॅटरी पणती झाली की." मग आमचीही एक खोलली. एलईडीच्या प्लेटीखाली नुसती पोकळी, उष्णता बाहेर जायला वाटच नाही. उष्णता पुढं नेणाऱ्या थर्मल पेस्टचा तर थेंबही नाही. ड्रायव्हरच्या जागी एक रेझिस्टर. सेल हातात घेतला तर भलताच हलका. मित्र म्हणाला, "वजन केलतास का बे, घेताना?" गड्ड्यात शेजारीच शेंगावाल्याचा काटा होता. घरी केलं, २७ ग्रॅम. या मापाचा अस्सल सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो, आणि नामांकित कंपन्यांचेसुद्धा ३५००-३६०० एमएएचच्या आसपास थांबतात. ९८०० हा आकडा लेबलवर दिसला की तिथूनच वळावं. आमच्या चार्जरवर मोजला तर हजाराच्या थोडा वर भरला. (सेल कापून बघायच्या भानगडीत कुणी पडू नका, लिथियम पेट घेतं.)

परत घेऊन गेलो तर उत्तर तयार होतं, "गड्ड्याचा माल परत होत नाही. लेबल कंपनीनं लावलंय, मी नाही." बिल मागितलंच नव्हतं आणि पैसे कुणाच्या तरी खासगी खात्यावर गेलेले. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मला पाठ आहे, पण तक्रार लिहायची कुणाच्या नावावर? ना दुकान, ना पत्ता. पुढच्या आठवड्यात तिथं बांबूसुद्धा नव्हते.

पैशांचं मी सोडून दिलं असतं. पण सोबत मिळालेला छोटा चार्जर राहून गेला होता, तो एका संध्याकाळी तपासला. सेल ४.२ व्होल्टला भरला की चार्जिंग थांबायला हवं. हा ४.३१ वर गेला तरी दिवा लालच, आणि सेल गरम. मीटर तसाच टाकून दाजींना फोन लावला.

"चार्जिंगला लावलीय की," ते म्हणाले. "गोठ्यात, कडब्याशेजारी. काल रात्रीपासून."